रेघेला लागलेली ठेच

शेडमध्ये पाऊल टाकल्याबरोबर तिला वाटलं, काहीतरी राहून गेलं आहे. जिना उतरून खाली आल्यावर वाटतं ना, गॅस बंद केला की नाही, कुलूप ओढून पाहिलं की नाही, अगदी तसं. म्हणून तिने आधी पर्स चाचपली. चष्मा होता, फोन होता, किल्ल्या होत्या. मग तिने समोर पाहिलं. लोखंडी घोड्यांच्या टेकूंवर एक जाड पाइप आडवा ठेवला होता, या भिंतीपासून पार त्या भिंतीपर्यंत. दाराजवळ सरळ, मध्ये मोठं वळण घेऊन फुगलेला आणि पलीकडे अलगद उतरून पुन्हा सरळ झालेला. उभा केला की त्याची लाट होणार होती. "कसं वाटतंय?" शिल्पकाराने विचारलं. तो तरुण होता, कानावर पेन्सिल ठेवून तीच पेन्सिल खिशात शोधणारा. "छान आहे," ती म्हणाली. "अगदी खरं सांगा हं. रेघ तुमची आहे." "छानच आहे. चालेल." यावर तो हसला. "चालेल काय, धावेल!" शेडचे मालक, ज्यांना सगळे काका म्हणत, पाइपाच्या दुसऱ्या बाजूने आले आणि गाईच्या पाठीवर थाप मारावी तशी त्यांनी पाइपावर थाप मारली. "हात फिरवून बघा ताई. कुठे जोड सापडला तर माझं नाव बदला." तिने हात फिरवला. लोखंड गार होतं. तळहात सरळ भागावरून वळणावर चढला, वळणावरून उतरला आणि कुठेही न अडखळता शेवटापर्यंत गेला. जोड सापडला नाही. काका खूश झाले, शिल्पकार खूश झाला, तीही हसली. पण शेडमधून बाहेर पडून बसस्टॉपवर उभी राहिली तेव्हा तिने पुन्हा पर्स उघडली आणि चष्मा, फोन, किल्ल्या, सगळं पुन्हा पाहिलं.

गोष्ट तशी साधी होती. शहराने समुद्राला लागून नवी लांबलचक भिंत बांधली होती, आणि भिंत फारच ओकीबोकी दिसते असं कोणाला तरी वाटल्यामुळे तिच्यावर जागोजागी कलाकृती उभ्या करायचं ठरलं होतं. धक्क्यापाशी दगडाचा एक भलामोठा कान होता, समुद्राकडे तोंड करून. लोक त्यात तोंड घालून ओरडत आणि मग आपणच लाजत. मासळीबाजाराच्या बाजूला बोटींच्या जुन्या पंख्यांचं झाड होतं. बसस्टॉपवर रंगीत काचांचं छत बसवलं होतं, त्यामुळे सकाळी बसची वाट पाहणाऱ्यांची तोंडं हिरवी-जांभळी दिसत. भिंतीच्या अगदी टोकाची जागा या तरुण शिल्पकाराला मिळाली होती. त्याला स्वतःचं काही करायचं नव्हतं. त्याला या शहरातल्या एखाद्या मुलाने काढलेला समुद्र हवा होता. शाळेच्या जुन्या इमारतीची माळ्यावरची खोली रिकामी करत होते, तिथे तो दोन-तीन दुपारी धूळ खात बसला आणि त्याला तिचा कागद मिळाला. तिसरीतला. बाकीच्या पोरांच्या समुद्रात होड्या होत्या, सूर्य होता, हसणारे मासे होते, आकाशात पक्ष्यांचे आकडे होते. तिच्या कागदावर एकच रेघ होती. खाली कोपऱ्यात तिचं नाव. शहर काही एवढं मोठं नव्हतं. त्याने तिला इस्पितळात शोधून काढलं, आणि तिच्यासमोर कागद धरून तो असा पाहत राहिला की जणू तिनेच आता त्याला काहीतरी समजावून सांगायचं आहे. "मला हीच हवी होती," तो म्हणाला होता. "कोणाचाही हात न लागलेली रेघ." तेव्हाही ती म्हणाली होती, चालेल.

ती सगळ्यालाच चालेल म्हणत असे. नवरा तिला चिडवताना म्हणायचा, हिच्या पासपोर्टवर सहीच्या जागी 'चालेल' लिहिलंय. लग्न ठरवताना, घर बदलताना, मुलीने दूरच्या गावी कॉलेज निवडलं तेव्हा, इस्पितळात तिची खोली काढून घेऊन तिला जिन्याखालची जागा दिली तेव्हा. यात दुःख असं काही नव्हतं. जिन्याखालची जागा खरंच चालली. तिथे उन्हाचा एक तुकडा दुपारी येई, आणि जिन्यावरून जाणाऱ्या पावलांवरून कोण कोण आलं ते कळे. तिचं काम हातांचं होतं. झटका येऊन गेलेले, हात मोडून बरे झालेले, बोटं आखडलेले लोक तिच्यासमोर बसत, आणि ती त्यांना पुन्हा चमचा धरायला, गुंडी लावायला, सही करायला शिकवी. मोठ्या माणसाला गुंडी लावायला शिकवणं हे लहान मुलाला शिकवण्यापेक्षा अवघड असतं, कारण लहान मुलाला आपल्याला गुंडी लावता येत नाही याची लाज नसते. ती कधी घाई करत नसे. कामाची एक पद्धत तिने स्वतःपुरती ठरवली होती: समोरच्याचा हात वरून धरायचा नाही. आपला तळहात त्याच्या हाताखाली ठेवायचा, बशीसारखा. आपला हात पडला तर खाली काहीतरी आहे एवढंच त्याला कळलं पाहिजे. असं का, याचा तिने कधी विचार केला नव्हता. शिकवणारे सगळे वरूनच धरत.

त्या दिवशी दुपारी शिंपीकाका आले होते. आयुष्यभर कपडे शिवलेला माणूस, आणि आता उजवा हात असा, की कात्री धरली तर कात्रीच हाताला धरून नेते. फळ्यावर खडूने लांब रेघ मारायचा सराव चालला होता. तिचं लक्ष सकाळच्या पाइपाकडे होतं. त्या गार लोखंडावरून आपला हात कसा सरळ गेला, कुठेच थांबला नाही, हे पुन्हा पुन्हा मनात येत होतं, आणि त्या नादात तिने कधी नव्हे तो शिंपीकाकांचा हात वरून धरला. धरला आणि रेघ पुढे नेली. रेघ सुरेख चालली होती. अर्ध्यावर शिंपीकाकांनी हात हिसडला. खडू तुटून खाली पडला. "सोडा हो," ते म्हणाले, "तुमचं काय, तुम्ही घरी जाऊन पोळ्या लाटाल. हात माझाय. वाकडं जाईल, जाऊ द्या." मग आपण जरा जोरात बोललो असं वाटून ते म्हणाले, "रागवू नका हं. शिंप्याला कापडावर दुसऱ्याचा हात सहन होत नाही." "नाही हो काका, माझंच चुकलं," ती म्हणाली आणि खडू उचलायला वाकली. वाकली तशीच ती क्षणभर राहिली. फळ्यावरची रेघ जिथे हिसडली होती तिथे एक ठेच होती. रस्त्यात चालताना पायाला दगड लागावा आणि माणूस जरा खाली-वर होऊन पुन्हा चालू लागावा, तशी. तिची रेघही तिथे ठेचकाळली होती. कागदावर, लाट उतरत असताना, खाली सपाटीला लागण्याच्या जरासं आधी. ती ठेच पाइपावर नव्हती.

एकदा एक दोरा हाती लागला की बाकीचं आपोआप उसवत जातं. जिन्याखालच्या त्या उन्हाच्या तुकड्यात बसून तिला तिसरीचा वर्ग दिसला, तोही चित्रासारखा नव्हे, तर पाठीकडून. पाठीमागे चित्रकलेच्या बाई उभ्या आहेत. त्यांच्या साबणाचा वास येतो आहे, त्यात ओल्या फडक्याचा वास मिसळला आहे. बाई मुलांचा हात धरून चित्र काढून घेत. ज्याचं अडलं त्याच्या मागे जाऊन उभ्या राहायच्या, त्याच्या मुठीवर आपली मूठ ठेवायच्या आणि म्हणायच्या, "हात सैल सोड." तिचं अडलं होतं. वर्गातल्या सगळ्यांचे समुद्र भरत आले होते आणि ती कागदाच्या डाव्या कडेपासून बोटभर सरळ रेघ काढून थांबली होती, कारण पुढे समुद्राने काय करायचं ते तिला ठरवता येत नव्हतं. मग बाईंची मूठ आली. गरम, जड, कोरडी. आणि तिचा हात निघाला. वर, अजून वर, आणि मग माथ्यावर जरा रेंगाळून खाली. झोक्यावर मागून कोणी मोठ्याने धक्का द्यावा तसं ते होतं. इतकं सुख तिला त्याआधी पेन्सिलीने कधी दिलं नव्हतं. पण खाली येता येता तिला खडक दिसला. म्हणजे कागदावर नाही. त्यांच्या घराच्या स्वयंपाकघरातून समुद्र दिसायचा, आणि ओहोटीला त्यात एक खडक वर यायचा. गल्लीतली पोरं त्याला म्हातारा म्हणत. म्हातारा दिसायला लागला की आई म्हणायची, चला, दुपार झाली. लाट कुठलीही असो, किती का मोठी असो, म्हाताऱ्यापाशी ती अडखळायचीच. बाई काही त्यांच्या गल्लीत राहत नव्हत्या, त्यांना हे माहीत असण्याचं कारण नव्हतं. त्यांची मूठ सरळ खाली निघाली होती, म्हाताऱ्याच्या अंगावरून. तिने हात ओढला. बाईंनी पुढे नेला, तिने वर ओढला, आणि रेघ ठेचकाळली. "अगं!" बाई म्हणाल्या. मग त्या कागदाकडे पाहत राहिल्या असाव्यात, कारण त्यांचा श्वास तिच्या डोक्यावर जाणवत होता. मग मूठ सुटली. पुढची सपाट रेघ तिने एकटीने काढली की बाईंनी पुन्हा हात धरला, ते तिला आठवत नव्हतं. खोडरबर मात्र कोणी आणलं नव्हतं.

तिने हिशेब लावून पाहिला, आणि तो फारच सोपा निघाला. ज्या लाटेसमोर उभं राहून शिल्पकार हरखला होता, ती लाट बाईंची. कागदाच्या कडेपासूनची बोटभर रेघ कोणाचीही असू शकते. तिचं म्हणावं असं त्या सगळ्या रेघेत एकच होतं, ती ठेच. आणि तेवढीच नेमकी गेली होती.

"मग काय झालं?" नवऱ्याने विचारलं. तो भेंडी पुसत होता. भाजी तो करायचा आणि भाजी करत असताना त्याला कोणीही काहीही सांगितलेलं चालायचं. "वाकडं होतं ते सरळ झालं. लोक सरळ करायला पैसे देतात." "अरे, पण ते माझं होतं." "बाकीचं कोणाचं आहे?" "बाईंचं." त्याने भेंडी खाली ठेवली. "म्हणजे परवा क्रेन येणार, बँड वाजणार, तुझ्या नावाची पाटी लागणार, आणि ते चित्र तुझं नाहीच?" "थोडं होतं." "किती?" तिने अंगठा आणि तर्जनी एकमेकांजवळ नेऊन दाखवलं. तो हसायला लागला, मग तिच्या तोंडाकडे पाहून थांबला. "हे बघ," तो म्हणाला, "तुला नक्की आठवतंय ना? नाहीतर आपण लहानपणीचं आठवतो म्हणतो आणि शेजारच्याचंच आठवत असतं. मला माझ्या मुंजाळ मामाचा घोडा आठवतो. आई म्हणते, घोडा कधीच नव्हता. मामाही सख्खा नव्हता." घोडा तिच्या डोक्यात राहिला. अंगठा आणि तर्जनी यांच्यातल्या त्या एवढ्याशा फटीतून तिला एकदम गार वारा आल्यासारखं वाटलं. ठेच नसेलच तर? मग त्या कागदावर तिचं काहीच नव्हतं. आणि तसं पाहिलं तर इतर कागदांवरही काय होतं? ती कधी कोणाच्या विरुद्ध गेली नव्हती हे तिने आजवर स्वभाव म्हणून सांगितलं होतं, जसं कोणी सांगतं मला गोड आवडत नाही. एकदा, फक्त एकदा, आपण हात ओढून घेतला होता, आणि समोरच्याने तो सोडला होता. हे खरं असेल तर पुढच्या सगळ्या चालेल-चालेलला काही अर्थ होता. म्हणजे नाही म्हणता येत असून म्हटलं नाही. आणि हे खरं नसेल तर येतच नव्हतं.

बाई अजून होत्या. भाच्याकडे राहत, कानाने अधू, आवाजाने खणखणीत. फोन भाच्याने उचलला आणि त्यांच्या कानाला लावला. "कोण? तिसरीतली? अगं, कुठली तिसरी? माझ्या तर जन्मभर तिसऱ्याच झाल्या." तिने वर्ग सांगितला, वर्ष सांगितलं, बाकाची जागा सांगितली. "नाही बाई, काही लक्षात नाही." "तुम्ही हात धरून काढून घ्यायचात." "सगळ्यांचाच धरायची. नाहीतर तुम्ही लोक कागदाला भोकं पाडायचात." "मी हात ओढून घेतला होता, बाई." "काय?" "हात! ओढून घेतला होता!" ती इतकी ओरडली की नवऱ्याने स्वयंपाकघरातून डोकावलं. बाईंनी विचारलं, "मग मी काय केलं?" "सोडलात." "रागावले?" "नाही." "बरं केलं," बाई म्हणाल्या, अगदी दुसऱ्या कोणाबद्दल बोलावं तसं. मग म्हणाल्या, "तू जेवलीस का?" आणि भाच्याने फोन परत घेतला.

शिल्पकाराला तिने दुसऱ्या दिवशी सकाळी शेडमध्येच गाठलं. फोनवर क्रेनवाल्याशी तो काहीतरी वाद घालत होता. तिने ठेचेचं सांगितलं तसं त्याने आधी फोनमधला कागदाचा फोटो उघडला, बोटांनी ताणून मोठा केला, आणखी मोठा केला. लाट उतरते तिथे कागदाला उभी घडी पडली होती. घडीत पेन्सिलचं शिसं झडून गेलं होतं. रेघ एका बाजूने घडीत शिरत होती आणि दुसऱ्या बाजूने जरा वेगळ्याच जागी बाहेर येत होती. मध्ये काय झालं ते घडीला माहीत. "हे आम्हीच केलं," काका मागून म्हणाले. त्यांच्या आवाजात अपराधीपणा नव्हता, थोडा अभिमानच होता. "घडीमुळे रेघ मोडल्यासारखी दिसत होती. म्हटलं, पोराच्या हाताला कशाला दोष, कागदाचा दोष आहे. मागची आणि पुढची रेघ मिळवून घेतली. वेगळे पैसे लावले नाहीत हो." शिल्पकाराने पेन्सिल खिशात शोधली. "मलाही तसंच वाटलं," तो म्हणाला. "कागद आता काचेत घालून सभागृहात लावलाय. पण काढला तरी घडीत काही दिसणार नाही." मग म्हणाला, "खरं सांगू? कोणाच्या लक्षात येणार नाही. लाट तीच आहे, बाक तोच आहे. तुमच्या हाताचा जो मोकळेपणा आहे..." "तो माझा नाही," ती म्हणाली. आणि तिने त्याला बाईंची मूठ सांगितली. सगळी सांगितली, साबणाच्या वासासकट.

त्याने पाइपाकडे पाहिलं. तिला त्याची दया आली. त्याने छापलेल्या कागदावर, वर्तमानपत्रात, भिंतीवर बसवायच्या पाटीवर, सगळीकडे तेच वाक्य होतं, कोणाचाही हात न लागलेली रेघ. "मग हे माझ्या डोक्यावरूनच गेलं म्हणायचं," तो शेवटी म्हणाला. "ती ठेच मला दिसली असती तर कदाचित कळलं असतं." मग हळू आवाजात, काका ऐकणार नाहीत असं, म्हणाला, "आपण हे दोघांतच ठेवलं तर? पाटी लागू दे, उद्घाटन होऊ दे. लोकांना आनंद होईल. बाईंनाही काही आठवत नाही म्हणता." खरं म्हणजे तो काही वाईट सुचवत नव्हता. तिच्या तोंडात शब्द आलाच होता. जिभेला सवय असते, तिला विचारावं लागत नाही. तो शब्द दातांपर्यंत आला, आणि तिला आश्चर्य वाटलं की तो तिथे अडला. शब्द अडल्यावर तोंडात एक पोकळी राहते, आणि तिच्यात दुसरं काय घालायचं ते तिला लगेच सुचलं नाही. शेडमध्ये कोणीतरी लोखंडाचा तुकडा टाकला, त्याचा आवाज घुमून संपला. मग ती म्हणाली, "पाटीवरचं ते वाक्य काढा. बाईंचं नाव वर लिहा. लाट त्यांची आहे." "आणि तुमचं?" "माझं खाली राहू द्या. पण मग ती ठेच हवी." "ठेच हवी," शिल्पकार म्हणाला. त्याने हे मान्य केलं की नुसतंच परत म्हटलं, ते कळेना. मग तो काकांकडे वळला. काकांनी चष्मा कपाळावर चढवला.

"आत्ता? क्रेन उद्या सकाळी दारात उभी राहणार, आणि तुम्ही आत्ता म्हणता कापा?" "होईल का?" तिने विचारलं. "होईल हो, न व्हायला काय झालं. लोखंड आहे, देवाघरचा निर्णय नाही. पण करू काय ते सांगा. माझ्याकडे आकार नाही." त्यांनी तिला शेडच्या मागच्या बाजूला नेलं. तिथे सिमेंटची मोठी मोकळी जमीन होती आणि तिच्यावर खडूने पूर्ण मापाची लाट काढलेली होती. तिने अशी गोष्ट आधी पाहिली नव्हती. काका म्हणाले, आम्ही पाइप वाकवतो तो असा, आधी जमिनीवर खऱ्या मापाची रेघ काढायची, मग पाइप तिच्यावर ठेवून ठेवून, जिथे कमी पडेल तिथे अजून वाकवायचा. "पाइप जमिनीचं ऐकतो," ते म्हणाले. "तेव्हा तुम्ही जमिनीला सांगा." त्यांनी तिच्या हातात खडू दिला आणि लाट उतरते तिथली रेघ ओल्या फडक्याने पुसून टाकली. पुसलेली जागा तिच्या पसरलेल्या दोन्ही हातांपेक्षाही मोठी होती. ओलं सिमेंट काळं दिसत होतं.

ती खाली बसली. आता आठवायचं होतं. रेघ आधी वर गेली की खाली? टोकदार होती की गोलसर? तिने डोळे मिटले, बाईंची मूठ आठवली, हिसका आठवला, आणि हिसक्याचा आकार काही केल्या आठवेना. हिसक्याला आकार नसतोच. हाताला एवढंच ठाऊक होतं की तो कशाच्या तरी विरुद्ध गेला होता, आणि आता विरुद्ध जायला वरती कोणाची मूठ नव्हती. तिने खडू टेकवला आणि पुन्हा उचलला. काका मागे उभे होते, शिल्पकारही. तिला वाटलं, यांच्यापैकी कोणी येऊन जरा हात धरला तर बरं. हे वाटलं आणि तिला हसू आलं. मग तिला वाटलं, ठेच कशी होती ते आठवत नसेल, पण म्हातारा कसा होता ते मला माहीत आहे. तो आता नाही. नव्या भिंतीचा भराव त्याच्यावर पडला, आणि जिथे तो होता तिथे आज माणसं बाकावर बसून शेंगा खातात. पण स्वयंपाकघराच्या खिडकीतून तो तिने रोज पाहिला होता, आजारी असताना, रुसलेली असताना, आई रागावली म्हणून भिंतीकडे तोंड करून बसलेली असताना सुद्धा मान वळवून. त्याची डावी बाजू उभी होती, उजवी कलती, आणि माथ्यावर एक खोबण होती, जिच्यात ओहोटीनंतरही थोडं पाणी उरायचं. लाट डाव्या बाजूला आपटायची, वर चढायची, खोबणीत घसरायची आणि उजवीकडून ओघळून जायची. ती खडू घेऊन उठली. बसून एवढी मोठी रेघ येणार नव्हती. वाकून, मागे मागे सरकत, तिने उतरत्या लाटेला जोडून रेघ काढायला सुरुवात केली. रेघ आपटली, चढली, अडखळली, घसरली. मध्ये खडू खडबडीत जमिनीवर थरथरला, ती थरथरही तिने तशीच ठेवली. कंबर भरून आली. सपाट रेघेला जाऊन मिळाली तेव्हा ती सरळ उभी राहिली आणि मागे वळून पाहिलं.

कागदावर असं काही नव्हतं हे तिला दिसताक्षणी कळलं. कागदावर झालं असेल ते पेन्सिलीच्या जाडीएवढं. हे चांगलं गुडघ्याएवढं उंच होतं, बेढब होतं, आणि त्या सुरेख लाटेच्या पायाशी ते कोणीतरी मुद्दाम आणून टाकल्यासारखं दिसत होतं. काका खाली बसले, एक डोळा मिटून रेघेवरून नजर टाकली, मग दुसरा मिटला.

"असंच होतं का हे?" त्यांनी विचारलं.

"माहीत नाही," ती म्हणाली.

"मग?"

"असंच करा."

काकांनी शिल्पकाराकडे पाहिलं. शिल्पकार लाटेकडे पाहत होता, तिच्या माथ्याकडे आणि मग तिच्या पायाकडे, आणि मग परत. त्याने मान हलवली, हो म्हणून. काकांनी आत हाक मारून लोखंड कापायचा ग्राइंडर बाहेर आणायला सांगितला. मग ते तिला म्हणाले, "ताई, जरा बाजूला व्हा. रेघेवर उभ्या आहात, पुसेल."

ती बाजूला झाली.